राहुटीतली डायरी आणि राहुटीबाहेरची पाटी

पाडव्याच्या आधीच नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. चैत्र-वैशाखातल्या यात्रांची सुपारी द्यायला गावोगावचे पंच तिथं येतात. राहुटीबाहेर फडाची पाटी असते. तिच्यावर फडमालकाचं नाव, कलावंतांचे फोटो आणि फोन नंबर. आत व्यवस्थापक डायरी उघडून बसलेला असतो. पंचांनी तिथी सांगितली की तो पान उलटतो. तारीख मोकळी असेल तर घासाघीस सुरू होते. विसार दिला की पानावर गावाचं नाव चढतं, आणि मग त्या रात्रीपुरता तो फड दुसऱ्या कुठल्याच गावाचा राहत नाही.

पाटी दिवसात हजार जणांनी वाचली तरी काही बिघडत नाही. डायरीत मात्र एका वेळी एकच हात चालला पाहिजे. दोघांनी दोन वह्यांत सुपाऱ्या घेतल्या तर यात्रेच्या रात्री एका गावात लोक जमतील आणि फड दुसऱ्याच गावात असेल.

वेबसाइट साध्या फाइलींवर उभी करावी की डेटाबेसवर, हा संगणकवाल्यांतला जुना वाद आहे. गेल्या पंधरा वर्षांत तो पुन्हा पेटला आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या पाच-सहा लहान संस्थांच्या वेबसाइट मी सांभाळतो, त्यामुळे या वादात दोन्ही बाजूंनी बोलून झालं आहे. आता माझं मत असं आहे की भांडणाऱ्यांपैकी एक जण बहुतेक वेळा पाटीबद्दल बोलत असतो आणि दुसरा डायरीबद्दल.

आधी वाद काय आहे ते पाहू. वेबची सुरुवात फाइलींनीच झाली. १९९० च्या अखेरीस टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये पहिली वेबसाइट केली, तेव्हा सर्व्हरचं काम एवढंच होतं की कुणी पान मागितलं तर त्या नावाची फाइल उचलून द्यायची. १९९३ च्या सुमारास सीजीआय आलं. आता पान मागितलं की सर्व्हरवर एक प्रोग्रॅम सुरू व्हायचा आणि तो पान तिथल्या तिथं तयार करून द्यायचा. संगणकाच्या भाषेत असा चालू प्रोग्रॅम म्हणजे प्रोसेस. १९९५ मध्ये पीएचपी आणि मायएसक्यूएल आले, २००३ मध्ये वर्डप्रेस आलं, आणि हीच रीत झाली. मजकूर डेटाबेसच्या तक्त्यात, पानाचा साचा वेगळा, आणि मागणी आली की प्रोसेस दोन्ही जुळवून पान रांधणार. खानावळीसारखं, गिऱ्हाईक आलं की ताट वाढायचं. फाइलवाल्यांचं म्हणणं असं की जेवण रोज तेच असेल तर डबे आधीच भरून ठेवावेत. २००८ मध्ये आलेलं जेकिल आणि २०१३ मधलं ह्यूगो ही त्यांची हत्यारं. मजकूर साध्या फाइलींत लिहायचा, एकदा आज्ञा दिली की सगळी पानं तयार होऊन पडतात, सर्व्हरवर नुसती ठेवायची. यातही नवं फारसं काही नव्हतं. २००१ मधलं मूव्हेबल टाइप लेख डेटाबेसात ठेवत असे, पण पानं मात्र आधीच तयार करून फाइली म्हणून ठेवी.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. डेटाबेस काढून टाकणं आणि प्रोसेस काढून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्बी, ग्राव यांच्यासारख्या साधनांत डेटाबेस नसतो, मजकूर फाइलींत असतो, पण पान देताना पीएचपीची प्रोसेस चालतेच. जेकिल-ह्यूगोत सर्व्हरवर दोन्ही नसतात. विकणारे मात्र एकाच दमात सांगतात की आमच्याकडे यातलं काहीच लागत नाही.

आता एका शाळेची गोष्ट. दोन्ही तालुक्यांत शाळा पुष्कळ आहेत, म्हणून नाव सोडून देतो. वेबसाइट अकरा पानांची. वर्षात बदल होणार चार वेळा: दहावीचा निकाल, पंधरा ऑगस्ट, स्नेहसंमेलन आणि एखाद्या शिक्षकांची निवृत्ती. एका माजी विद्यार्थ्यानं हौसेनं वर्डप्रेसवर ती करून दिली होती. तो नोकरीला लागला आणि तीन वर्षं कुणी अपडेटचं बटण दाबलं नाही. एका सकाळी मुख्याध्यापकांचा मला फोन आला. म्हणाले, "अहो, आपल्या शाळेत रमी कधीपासून शिकवायला लागले?" गूगलवर शाळेचं नाव टाकलं की ऑनलाइन जुगाराची जाहिरात उघडत होती. जुन्या प्लगिनच्या भोकातून कुणीतरी आत शिरलं होतं. शाळेशी त्याचं वैर असण्याचं कारण नव्हतं. असले चोर दारं मोजत जातात आणि उघडं दिसेल तिथं घुसतात.

पुढचं जास्त वाईट होतं. डेटाबेसची जुनी प्रत सापडली, ती उघडली, आणि शाळेचा चार पानी इतिहास नुसत्या प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन समोर आला. कारण साधं होतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. 'जुन्नर' या शब्दात ज, उकार, न, हलन्त, न, र अशा सहा खुणा, म्हणजे अठरा बाइट. मायएसक्यूएलची मुळातली मांडणी मात्र कितीतरी वर्षं लॅटिन अक्षरांची होती. ती बदलली २०१८ च्या आठव्या आवृत्तीत. प्रत काढताना ही मांडणी कुणी जुळवली नाही तर मराठी गळते आणि मागे प्रश्नचिन्हं उरतात. फोटो मात्र सगळे वाचले, कारण ते डेटाबेसात नव्हते, एका फोल्डरात फाइली म्हणून पडलेले होते. इतिहासाचा मजकूर शेवटी सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतून पुन्हा टाइप केला.

अशी घटना घडली की माणूस फाइलवाल्यांच्या पंगतीत जाऊन बसतो. मीही बसलो. शाळेची वेबसाइट आता अकरा साध्या फाइलींची आहे. तिच्यात शिरायला दार नाही, कारण आत कुणी राबतच नाही. पानं हलकी आहेत, आणि आहुप्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावात, जिथं मोबाइलची एखादी काडी येते-जाते, तिथं हलकं पान उघडणं आणि न उघडणं यात मोठा फरक असतो.

तरीही फाइल म्हटलं की ती टिकतेच असं समजायचं कारण नाही. नव्वदच्या दशकात मराठी टाइप केलेल्या किती फाइली आज वाचता येतात? श्रीलिपी, कृतिदेव, योगेश असे ज्याचे त्याचे फॉन्ट होते. फॉन्ट गेला की फाइल जागेवर असते, पण उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. आपण काय आहोत आणि आपल्याला कसं वाचायचं हे त्या फाइलीला स्वतःला सांगता येत नव्हतं. फाइल टिकायची तर हे सांगणं तिच्या पोटातच असावं लागतं, आणि त्याचा सगळ्यात चांगला नमुना आमच्याच तालुक्यात आहे.

नारायणगावपासून जवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या एनसीआरए केंद्राची. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यातल्या चौदा मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या सोळा वाय आकाराच्या तीन हातांवर दूरवर, शेतांमधून पसरलेल्या. राष्ट्रीय विज्ञान दिनाला शाळांच्या गाड्या तिकडे जातात आणि मुलं तबकडीखाली उभी राहून फोटो काढतात. तबकडीतून निघतं काय, हे विचारणारं पोर एखादंच. निघतात त्या शेवटी फाइली. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ आपला डेटा ज्या स्वरूपात एकमेकांना देतात त्याचं नाव फिट्स. ते १९८१ मध्ये जाहीर झालं.

फिट्स फाइल कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडून पाहावी. सुरुवातीला वाचता येणारा मजकूर दिसतो, त्याची प्रत्येक ओळ बरोबर ऐंशी अक्षरांची. जुन्या पंच कार्डावर ऐंशी रकाने असत, त्याची ही आठवण. पहिली ओळ सांगते की ही नियमातली फाइल आहे. पुढची सांगते की एकेका आकड्याला किती बिट दिले आहेत. मग लांबी-रुंदी किती, दुर्बीण कुठली, आकाशातली वस्तू कुठली, तारीख कुठली, आणि शेवटी 'एंड'. छत्तीस ओळींचा एक गठ्ठा, छत्तीस गुणिले ऐंशी म्हणजे २,८८० बाइट. त्यानंतर खरे आकडे. या मंडळींचा एक नियम आहे: फिट्समध्ये नवं काहीही घाला, पण जुनी वैध फाइल कधी अवैध ठरता कामा नये. चाळीस वर्षांत किती डेटाबेस कंपन्या आल्या आणि बुडाल्या, पण १९८५ ची फिट्स फाइल आज उघडते. व्हॅटिकनच्या ग्रंथालयानं आपल्या हस्तलिखितांच्या प्रतिमा साठवायला हेच स्वरूप निवडलं.

जीएमआरटीनं १५० मेगाहर्ट्झला केलेल्या आकाशाच्या पाहणीचं टीजीएसएस नावाचं काम आहे. तिच्या माहितीवर नव्यानं प्रक्रिया करून २०१७ मध्ये जे प्रसिद्ध झालं, त्यात ५,३३६ प्रतिमा आणि सुमारे सहा लाख वीस हजार रेडिओ स्रोतांची यादी आहे. प्रतिमा म्हणजे फाइली. यादीसुद्धा उतरवून घ्यायची फाइल. सहा लाख नोंदी, आणि वाचणाऱ्याला त्यासाठी आपल्या घरी डेटाबेस मांडावा लागत नाही.

म्हणजे फाइलवाले जिंकले का? त्याच खोडदला जरा पुढं जाऊन पाहावं. कुणाला दुर्बिणीचा वेळ कधी द्यायचा, अर्ज कुणाचे, निरीक्षण झाल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत तो डेटा फक्त कुणाला पाहता येईल आणि नंतर सगळ्यांना कधी, हे सगळं फाइलीच्या पोटात मावत नाही. संग्रहात शोध घ्यायचा तर मागे डेटाबेस आहे आणि परवानगी तपासणारी प्रोसेस आहे. एका रात्रीचा वेळ दोघांना देता येत नाही, हे राहुटीतल्या व्यवस्थापकाइतकंच दुर्बिणीच्या वेळापत्रकालाही ठाऊक आहे.

डेटाबेसच्या बाजूची सगळ्यात भक्कम साक्ष मात्र आकाशात नाही, जमिनीत आहे. सातबारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून झालेला तो उतारा, आणि त्याच्या मागे नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. तलाठ्याच्या दप्तरात हे सगळं फाइलींसारखंच होतं, गावागणिक, फडक्यात बांधलेलं. या फाइलपद्धतीचे गुणही होते आणि दुर्गुणही. प्रत एकच, खाडाखोड करणारा हातही एकच, आणि उतारा हवा असेल तर तलाठी भाऊसाहेब भेटतील तो दिवस.

फेरफार हे डायरीचं काम आहे. खरेदीखत झालं की नोंद धरायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीची मुदत जाऊ द्यायची, मंडल अधिकाऱ्यानं प्रमाणित करायचं, आणि मगच सातबारावरचं नाव बदलायचं. मधल्या काळात त्याच गटावर दुसरी नोंद आली तर पहिलीचं काय, हे कुणीतरी सांगावं लागतं. डेटाबेस या प्रश्नाचं उत्तर देतो. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये तक्त्यांची ती मांडणी सुचवली. एकतर सगळा व्यवहार पूर्ण होईल नाहीतर काहीच होणार नाही, अर्धवट काही उरणार नाही, ही हमी तिच्यावर पुढं उभी राहिली. साध्या फाइलींच्या ढिगाला ही हमी देता येत नाही. कुणी म्हणालं की सातबारा फाइलींवर चालवून दाखवतो, तर मी त्याला माझा गट नंबर सांगणार नाही.

पण इथंही एक गंमत आहे, आणि ती मला फार आवडते. संगणकावर चढलेल्या सातबाऱ्यांत चुका निघाल्या तेव्हा त्या दुरुस्त करायला २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. डेटाबेसातला मजकूर माणसांसमोर मोठ्यानं वाचायचा आणि ज्याची जमीन त्यानं "हे चुकलं" म्हणायचं. इतकी मोठी यंत्रणा उभी करून शेवटी पारावर बसलेल्या म्हाताऱ्याची स्मृती लागलीच. दुसरी गंमत १ मे २०१८ पासून मिळू लागलेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याची. एवढ्या मोठ्या डेटाबेसमधून शेतकऱ्याच्या हातात शेवटी पडते ती एक पीडीएफ फाइल. ती बँकेत जाते, सोसायटीत जाते, व्हॉट्सअॅपवर भावाकडे जाते. डायरी कचेरीत राहते, फिरते ती फाइल.

हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या जुन्नरलाही माहीत होतं असं दिसतं. जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांत श्रेणींची नावं आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं, अशी नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या कायम ठेवींचाही उल्लेख आहे. ठेव घेणं, दर महिन्याचा लाभ काढणं, तो विहाराला पोचवणं हा रोजचा हिशेब श्रेणी कुठंतरी वेगळा ठेवतच असणार. दगडावर कोरली ती जाहीर करायची गोष्ट. हिशेब गेला, श्रेणी गेली, पाटी राहिली.

बाजार समितीचं उदाहरण लवकर संपतं. नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा कांदा-बटाटा. लिलाव ही डायरी. पण दिवसाचा भाव ही पाटी आहे, एका हातानं एकदा लिहायची आणि हजारांनी वाचायची. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचे भाव भडकले तेव्हा जो तो मोबाइलवर नारायणगावचा भाव शोधत होता. अशा दिवशी प्रत्येकासाठी नव्यानं पान रांधणारा सर्व्हर घामाघूम होतो आणि तयार फाइल देणारा आरामात असतो. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ ला सरकारी आरोग्यविम्याची हेल्थकेअर डॉट गव्ह ही वेबसाइट सुरू झाली आणि नोंदणीची यंत्रणा पहिल्याच दिवशी कोसळली. माहितीची पानं जेकिलनं आधीच तयार करून ठेवलेली होती, ती मात्र उभी राहिली. पाटी आणि डायरी वेगळी ठेवल्याचा हा पुरावा म्हणायचा, आणि नुसत्या पाटीनं काम भागत नाही याचाही.

फाइलवाल्यांच्या दाव्यातली खरी खोट आता सांगतो. प्रोसेस काढून टाकली असं ते म्हणतात, तेव्हा ती कुठं गेली हे विचारावं. शाळेचं नवं पान तयार करायचं तर फाइल ठरलेल्या पद्धतीनं लिहायची, आज्ञा द्यायची, वर चढवायची. हे काम शाळेच्या क्लार्कला जमत नाही, आणि ते त्यांनी शिकावं अशी अपेक्षाही नाही. ते मला व्हॉट्सअॅपवर फोटो आणि चार ओळी पाठवतात, मी बाकीचं करतो. म्हणजे ती प्रोसेस मी आहे. मी आजारी पडलो तर दहावीचा निकाल आठवडाभर उशिरा लागतो. वर्डप्रेसमध्ये निदान लॉगिनची चौकट होती, तिथं संगणक केंद्र चालवणारा पोरगासुद्धा बातमी टाकू शकत होता. डेटाबेसवाल्यांच्या बाजूचा हा मुद्दा मला आजही खोडता आलेला नाही. शिवाय फाइलींच्या वेबसाइटवर 'संपर्क साधा' असा फॉर्म दिसतो, तो भरला की माहिती कुठल्या तरी परक्या कंपनीच्या डेटाबेसात जाते. डेटाबेस नाहीसा झाला नाही, शेजाऱ्याच्या घरी ठेवायला दिला, एवढंच.

शोधाचंही तसंच. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ ला आलं. तोवर लोक 'अ' आणि वर चंद्र असं दोन खुणांनी लिहीत, अजूनही पुष्कळ जण लिहितात. दिसायला दोन्ही सारखं, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. फाइल असो की डेटाबेस, मराठीसाठी ही काळजी कुणीतरी मुद्दाम घ्यावी लागते, आणि तयार साधनं ती सहसा घेत नाहीत.

मधली वाटही आहे आणि मला ती सगळ्यात शहाणी वाटते. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये केलेलं एसक्यूलाइट. पूर्ण डेटाबेस, तक्ते, व्यवहाराची हमी, सगळं, पण एकाच फाइलीत, आणि वेगळी सर्व्हर प्रोसेस नाही. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आत्ता अशा कितीतरी फाइली आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतनासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत एसक्यूलाइटचं नाव आहे. एकाच वेळी अनेकांनी लिहायचं असेल तर ते अडखळतं. पण पतसंस्थेच्या वाचनालयाला किंवा एखाद्या देवस्थानच्या पावतीपुस्तकाला याहून जास्त कशाची गरज पडावी, हे मला समजत नाही. दिवसाअखेर त्यातून पानं तयार करून वर ठेवली की झालं.

तर निकाल सांगायचा झाला तर असा. आमच्या दोन तालुक्यांतल्या शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायती, देवस्थानं, पर्यटनाची माहिती देणारी मंडळं, यांच्या दहातल्या नऊ वेबसाइट पाट्या आहेत. त्यांना डेटाबेस विकणारा त्यांना नसत्या देखभालीचं ओझं विकतो. जिथं दोन माणसं एकाच तारखेवर, एकाच गटावर किंवा लिलावातल्या एकाच क्रेटवर हक्क सांगू शकतात, तिथं डेटाबेस लागतो, आणि तिथं फाइलींचा हट्ट धरणारा माणूस उद्या भांडण लावून देणार हे नक्की.

पुढच्या वेळी संस्थेसाठी वेबसाइट करून घ्याल तेव्हा कुठलं तंत्र वापरणार हे विचारत बसू नका. डोमेन संस्थेच्या नावावर आहे ना, ते बघा. आणि करून देणाऱ्याकडून सगळी वेबसाइट एका पेन ड्राइव्हवर मागा, तिथंच त्याच्यासमोर, इंटरनेट बंद करून ती उघडून बघा. उघडली आणि मराठी नीट वाचता आलं, तरच उरलेले पैसे द्या.